रूपविकारी ताऱ्यांची निरीक्षणं : शहरातल्या गच्चीवरून, साध्या बायनॉक्युलरने

वृषपर्वा

दुर्बीण घेऊ की नको, घेतली तर किती इंची, यावर इथे पुष्कळ चर्चा झाली आहे. शहरातल्या उजेडात तेजोमेघ आणि दीर्घिका दिसत नाहीत ही तक्रारही दर हिवाळ्यात येते. हा धागा त्याच आकाशात करता येणाऱ्या कामासाठी काढतोय : रूपविकारी, म्हणजे तेज कमीजास्त होणाऱ्या, ताऱ्यांच्या तेजाचे अंदाज घेणं आणि ते एएव्हीएसओच्या (अमेरिकन असोसिएशन ऑफ व्हेरिएबल स्टार ऑब्झर्व्हर्स) जागतिक साठ्यात जमा करणं.

ही संस्था १९११ पासून हे काम करते आहे. नोंदी पाठवायला सभासद व्हावं लागत नाही. संकेतस्थळावर खातं उघडायचं, निरीक्षक संकेत (ऑब्झर्व्हर कोड) मागायचा, तो फुकट मिळतो. पाठवलेली नोंद कोणालाही पाहता येते, संशोधकांनाही आणि आपल्यालाही.

आपल्या नोंदींना वजन आहे याचं एक साधं कारण रेखांश. जपान-ऑस्ट्रेलियाची रात्र सरत येते आणि युरोपात जेमतेम अंधार पडत असतो, तेव्हा आपल्याकडे मध्यरात्र असते. काही तासांत बदलणाऱ्या ताऱ्याचा तेवढा तुकडा आपण पाहिला नाही तर आलेखात भोक पडतं. हे काम भारतातून होतं हे राधागोविंद चंद्र यांनी केव्हाच दाखवून दिलंय. जेसोरचे हे हौशी निरीक्षक. त्यांनी ३७ हजारांहून अधिक अंदाज एएव्हीएसओला पाठवले, आणि संस्थेने त्यांना ६ इंची दुर्बीण वापरायला दिली होती.

सामान : ७×५० किंवा १०×५० बायनॉक्युलर, वही, पेन्सिल, लाल दिवा, सेकंद दाखवणारं घड्याळ. पहिल्या दोन-तीन ताऱ्यांना बायनॉक्युलरही लागत नाही.

सुरुवात डेल्टा सेफेईपासून करा. वृषपर्वा (सेफियस) तारकामंडळात, पुण्याच्या अक्षांशावरून उत्तरेला जास्तीत जास्त ५० अंशांवर येतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात रात्री आठ-नऊला नेमका तिथे असतो. तेज ३.५ ते ४.४ प्रत (आकडा जितका मोठा, तितका तारा मंद), आवर्तन, म्हणजे एका चढउताराचा काळ, ५.३७ दिवस. त्याच्या शेजारी झीटा आणि एप्सिलॉन मिळून छोटा त्रिकोण होतो. झीटा ३.४ प्रतीचा, एप्सिलॉन ४.२ चा. दोन्ही तुलना तारे, म्हणजे ज्यांचं तेज ठाऊक आहे असे तारे, आयते हाताशी.

अंदाज असा घ्यायचा. झीटा ते एप्सिलॉन ही एक पट्टी समजा. डेल्टा त्या पट्टीवर कुठे बसतो? झीटाकडून एक तृतीयांश अंतरावर वाटला तर फरक ०.८, त्याचा तिसरा हिस्सा ०.२७, म्हणजे ३.४ + ०.२७ = ३.६७. नोंद ३.७. डोळ्याने घेतलेला अंदाज एका दशांशापर्यंतच लिहायचा, ३.६७ लिहू नका.

तेवढं करून वहीत वेळ लिहा, आणि दिवा बंद.

कृत्तिका_प

छान धागा, वृषपर्वाजी. नकाशाबद्दल विचारायचं होतं. स्टेलॅरियम या आकाशनकाशाच्या ॲपमध्ये ताऱ्यावर टिचकी मारली की प्रत दिसते. तुलनेला तीच वापरली तर चालेल ना?

वृषपर्वा

ताई, तारा शोधायला स्टेलॅरियम उत्तमच, पण तुलनेचे आकडे त्यातून घेऊ नका. एएव्हीएसओच्या व्हेरिएबल स्टार प्लॉटरवर ताऱ्याचं नाव टाका आणि नकाशा काढा. त्यावर तुलना ताऱ्यांच्या प्रती छापलेल्या असतात. जगभरचे निरीक्षक तेच आकडे वापरतात म्हणून सगळ्यांच्या नोंदी एकमेकींशी जुळतात. प्रत्येकाने आपापल्या ॲपमधले आकडे घेतले तर आलेखावर नुसता पसारा होईल.

नकाशावर ३४ लिहिलेलं असेल तर ते ३.४ वाचायचं. दशांश चिन्ह मुद्दाम गाळलेलं असतं, कारण तो टिंब तारा समजला जाऊ शकतो.

प्लॉटरमध्ये ए ते जी अशी मापं आहेत. ए म्हणजे १५ अंशांचं क्षेत्र, बी ३ अंश, पुढे कमी होत जातं. साध्या डोळ्यांना आणि बायनॉक्युलरला ए घ्या. १०×५० मधून साधारण साडेसहा अंश दिसतात, त्यामुळे बीचा नकाशा अपुरा पडतो आणि माणूस हरवतो. बायनॉक्युलरमध्ये चित्र सुलटं असतं, तेव्हा उत्तर वर असलेला नकाशा काढायचा. न्यूटोनियन (आरशाच्या) दुर्बिणीला तोच नकाशा उलटा धरा. डायगोनल (नेत्रिकेआधीचा तिरका आरसा) लावलेल्या अपवर्तकाला, म्हणजे भिंगाच्या दुर्बिणीला, मात्र डावं-उजवं बदललेला वेगळा नकाशा लागतो, कागद फिरवून भागत नाही.

नकाशावर एक क्रमांक छापलेला असतो. तो वहीत उतरवून घ्या, नोंद भरताना विचारतात.

माळरान

नावाबद्दल एक भर. प्लॉटरला ग्रीक अक्षराचं आणि तारकासमूहाचं तीन-तीन अक्षरी रोमन रूप लागतं : डेल सेप, बेट पेर, ओमि सेट, अशा पद्धतीने. पूर्ण नावाने सापडलं नाही तर हे वापरून बघा.

अनुराधा_न

अंदाज घेताना काय काय चुकतं त्यावर कोणी सविस्तर लिहाल का? पट्टी कल्पायची हे कळलं, पण दोन मिनिटांनी परत पाहिलं की दुसराच आकडा येतो.

सह्यदिगंत

अनुराधाताई, आकडा हलण्याची कारणं ठरलेली आहेत. नवख्याला ज्या क्रमाने भेटतात त्याच क्रमाने लिहितो.

पहिलं, डोळा अंधाराला सरावलेला नसतो. २० ते ३० मिनिटं लागतातच. मोबाइलचा पडदा एकदा पाहिला की पहिल्यापासून सुरुवात. ॲपमधली लाल रंगाची सोय पुरेशी नाही, तिचा उजेड तरी जास्तच असतो. टॉर्चला लाल जिलेटीन कागदाच्या दोन-तीन घड्या लावा, नकाशा वाचता येईल इतपतच उजेड ठेवा. गच्चीवर रस्त्याच्या दिव्याचा झोत येत असेल तर पाण्याच्या टाकीच्या आडोशाला उभं राहा. अख्ख्या आकाशाचा उजेड कमी होत नाही, पण डोळ्यात थेट येणारा दिवा टळतो, आणि अर्धं नुकसान त्यानेच होतं.

दुसरं, लाल तारे. लाल ताऱ्याकडे टक लावून पाहिलं की तो डोळ्यात साचत जातो आणि उजळ वाटू लागतो. जितका वेळ पाहाल तितका उजळ. म्हणून नजर ठरू द्यायची नाही. एक-दोन सेकंद रूपविकारी, एक-दोन सेकंद तुलना तारा, असं मागेपुढे करायचं. बायनॉक्युलर किंचित आउट ऑफ फोकस केला की तारे चकतीसारखे होतात, रंगाचा दोष कमी होतो. साध्या डोळ्यांनी पाहताना, ज्यांना लांबचा चश्मा आहे त्यांनी तो काढून हेच साधून घ्यावं.

तिसरं, क्षेत्राची कड. बायनॉक्युलरमध्ये कडेला तारा मंद आणि पसरट दिसतो. दोन्ही तारे एकाच क्षेत्रात असतील तर मध्यापासून सारख्या अंतरावर ठेवा. नसतील तर आधी एक मध्यावर आणा, मग दुसरा.

चौथं सहसा कोणी सांगत नाही. दोन तारे एकाखाली एक दिसत असतील तर खालचा तारा उजळ वाटण्याकडे डोळ्याचा कल असतो. उपाय म्हणजे मान तिरकी करा, दोन डोळ्यांना जोडणारी रेषा दोन ताऱ्यांना जोडणाऱ्या रेषेला समांतर आणा. आरामखुर्चीत हे सोपं जातं, उभ्याने मान अवघडते.

आणि हात. १०×५० हातात धरून तारा थरथरतो तेव्हा अंदाज दोन-तीन दशांशांनी सहज हलतो. कोपर कठड्यावर टेका, किंवा फरशी पुसण्याच्या मॉपचा दांडा उभा धरून त्याच्या टोकावर बायनॉक्युलर ठेवा. ट्रायपॉड असेल तर उत्तम, पण ६० अंशांच्या वर त्याच्याखाली मान घालावी लागते.

एवढं सांभाळूनही ०.१ ते ०.२ चा फरक राहतोच, तो मान्य आहे. शंभर निरीक्षकांच्या नोंदी एकत्र आल्या की तो आपोआप निवळतो.

निरभ्र

मृगातल्या काक्षीने (बीटलज्यूस) सुरुवात का नाही करायची? सगळ्यांना ओळखता येतो, साध्या डोळ्यांनी दिसतो. २०१९-२० मध्ये तो मंदावला तेव्हा सगळीकडे चर्चा होती.

सह्यदिगंत

ओळखायला सोपा, मोजायला अवघड. त्याच्या तोडीचे तुलना तारे आकाशभर विखुरलेले आहेत : रोहिणी ०.९, प्रश्वा ०.४, मिथुनेतला पोलक्स १.१. प्रत्येक तारा वेगळ्या उंचीवर असतो, आणि हवा प्रत्येकाचा उजेड वेगवेगळा खाते.

आकड्यात पाहा. हवेची जाडी साधारण १ भागिले उंचीची साईन. जानेवारीच्या संध्याकाळी काक्षी ६० अंशांवर असेल तेव्हा प्रश्वा सुमारे ३५ अंशांवर असतो. काक्षीसाठी जाडी १.१५, प्रश्वासाठी १.७४. बऱ्यापैकी स्वच्छ हवेतही एका जाडीला ०.३ प्रत खाल्ली जाते. फरक ०.५९, गुणिले ०.३, म्हणजे जवळजवळ ०.२ प्रत. तेवढा प्रश्वा मंद दिसतो, आणि त्याच्या तुलनेत काक्षी फुकटच उजळ ठरतो. शहरातल्या धुरक्यात हे आणखी वाढतं. त्यात काक्षी लाल, म्हणजे वरचा दुसरा दोषही आलाच.

फेब्रुवारी २०२० मध्ये तो १.६ पर्यंत उतरला तेव्हा तो बदल इतका मोठा होता की कच्च्या अंदाजातही दिसला. एरवीचे चढउतार दोन-तीन दशांशांचे असतात, ते पकडायला हात बसलेला हवा. डेल्टा सेफेईवर महिनाभर काढा, मग काक्षीकडे या. तेव्हाही दोन्ही तारे जवळपास सारख्या उंचीवर येतील ती वेळ निवडा. आठ-दहा दिवसांतून एक अंदाज पुरतो, रोज घेण्यात अर्थ नाही.

माळरान

मला वाटतं निरभ्र यांचं म्हणणं अगदीच सोडून देऊ नये. नवख्याला पहिल्या आठवड्यात तारा सापडलाच नाही तर तो सोडून देतो, आणि वृषपर्वा मंडळ शहरातून चटकन ओळखू येत नाही. मी मायावतीने (अल्गॉल), म्हणजे ययाती (पर्सियस) मंडळातल्या बीटाने सुरुवात करायला सांगेन. २.१ चा तारा पाच तासांत ३.४ वर येतो आणि पुढच्या पाच तासांत परत वर जातो. जोडीचा मंद तारा त्याच्यासमोर येऊन त्याला ग्रहण लावतो, म्हणून एका बैठकीत डोळ्यांदेखत बदल दिसतो. त्यापेक्षा चांगला धडा नाही.

आवर्तन २ दिवस २० तास ४९ मिनिटं. म्हणजे आज पहाटे २ ला किमान तेज असेल तर पुढचं तिसऱ्या रात्री १०.४९ ला, आणि त्यापुढचं आणखी तीन रात्रींनी संध्याकाळी ७.३८ ला. दर खेपेला ३ तास ११ मिनिटं अलीकडे. मधलं १०.४९ चं गाठा, कारण आधीचे आणि नंतरचे दोन्ही उतार रात्रीत बसतात. संध्याकाळी ७.३८ चं किमान निवडलं तर अर्धा आलेख उजेडात जातो.

आठपासून दर २० मिनिटांनी, आणि किमानाच्या मागेपुढे तासभर दर १० मिनिटांनी अंदाज घ्या. तुलनेला अल्फा पर्सेई १.८, देवयानीतला गॅमा २.१, ययातीतला एप्सिलॉन २.९, त्रिकोणातला अल्फा ३.४.

किमानाची वेळ काढायची असेल तर उतरताना समजा २.८ कधी होता आणि चढताना २.८ कधी होता ते आलेखावरून काढा, दोन्हींचा मध्य घ्या. हेच २.६ आणि ३.० साठी करा. तिन्ही मध्य पाच-दहा मिनिटांच्या आत आले तर काम चोख झालं. भाकिताशी ताडताना पृथ्वी सूर्याच्या कुठल्या बाजूला आहे त्याप्रमाणे आठ मिनिटांपर्यंत फरक पडतो, तो चूक समजू नका.

वृषपर्वा

मान्य. मायावती आधी, डेल्टा सेफेई नंतर, असाही क्रम चालेल. फक्त एक सापळा आहे. मायावतीच्या अगदी जवळ, दोन-अडीच अंशांवर, ऱ्हो पर्सेई आहे. रंगाने तांबूस, सोयीच्या जागी आणि सोयीच्या तेजाचा. नवखा हमखास त्याच्याशी तुलना करतो. तो स्वतःच रूपविकारी आहे, ३.३ ते ४.० मध्ये हलतो. किमानाच्या वेळी मायावती त्याच्या तोडीची होते, त्यामुळे मोह फार होतो. टाळा. डेल्टा सेफेईच्या शेजारचा म्यू सेफेईसुद्धा तसलाच. नकाशावर ज्याच्याजवळ आकडा छापलेला नाही तो तारा तुलनेला घ्यायचा नाही, एवढा नियम पाळला की हे सापळे आपोआप टळतात.

कृत्तिका_प

वेळेचं कोणी समजावून सांगेल का? एएव्हीएसओच्या फॉर्ममध्ये ज्युलियन दिनांक, म्हणजे सलग मोजलेल्या दिवसांचा क्रमांक, मागतात. रात्री ९ चा अंदाज असेल तर, जागतिक वेळ १५.३०, म्हणजे २४ ने भागून ०.६४५८, हे बरोबर ना?

सह्यदिगंत

भागाकार बरोबर, सुरुवात चुकली. ज्युलियन दिवस जागतिक वेळेच्या मध्यरात्री बदलत नाही, दुपारी १२ ला बदलतो. १५.३० म्हणजे दुपारनंतर साडेतीन तास. ३.५ भागिले २४ = ०.१४५८. तुम्ही काढलेला आकडा बरोबर अर्ध्या दिवसाने पुढे गेला. मायावतीच्या बाबतीत अर्धा दिवस म्हणजे संपूर्ण ग्रहणच हुकलं.

आपल्यासाठी यात एक मोठी सोय आहे. जागतिक दुपारचे १२ म्हणजे आपले संध्याकाळचे साडेपाच. म्हणजे आपली अख्खी रात्र एकाच ज्युलियन दिवसात बसते. साडेपाचला ०.०, रात्री ९ ला ०.१४५८, मध्यरात्री १२ ला ०.२७०८, पहाटे ५ ला ०.४७९२. वहीच्या पहिल्या पानावर एवढा तक्ता करून ठेवा.

ज्युलियन दिनांक नको असेल तर फॉर्ममध्ये जागतिक तारीख-वेळ टाकता येते. तिथे वेगळी चूक होते. मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या वेळात आपली तारीख बदललेली असते, जागतिक तारीख बदललेली नसते. १५ जानेवारीला पहाटे २ वाजता घेतलेला अंदाज म्हणजे १४ जानेवारी, २०.३०. वहीत घड्याळातली भारतीय वेळ आणि दुहेरी तारीख लिहा, "१४-१५ जाने. रात्र" अशी. रूपांतर दुसऱ्या दिवशी बसून करा. गच्चीवर, झोपेत, थंडीत वजाबाकी करू नये.

अनुराधा_न

फॉर्ममध्ये आणखी काय लागतं?

वृषपर्वा

ताऱ्याचं नाव, वेळ, प्रत, दोन तुलना ताऱ्यांच्या प्रती, नकाशा क्रमांक, आणि हवं तर टीपेची अक्षरं. चांदणं किंवा दिव्यांचा उजेड असेल तर बी, ढग-धूळ-धुरकं असेल तर यू, तारा क्षितिजाजवळ असेल तर एल, आकड्याबद्दल शंका असेल तर झेड, तारा कसाबसा दिसला तर व्ही. आपल्याकडे नोव्हेंबरनंतर बी आणि यू जवळजवळ रोजच लागतील, त्यात कमीपणा नाही. वापरणाऱ्याला नोंदीचं वजन ठरवता येतं.

तारा दिसलाच नाही तर तीही नोंद आहे. शेजारचा सर्वात मंद कोणता तुलना तारा दिसला ते पाहा, आणि त्याच्या प्रतीपेक्षा मंद असं चिन्ह लावून पाठवा. "दिसला नाही" म्हणून वही मिटू नका. उत्तर मुकुट तारकासमूहातल्या टी ताऱ्यासाठी तर हीच नोंद महत्त्वाची. तो १८६६ आणि १९४६ मध्ये एकदम उजळला होता. एरवी दहाव्या प्रतीच्या आसपास असतो, उसळला की दुसऱ्या प्रतीपर्यंत येतो आणि आठवड्याभरात साध्या डोळ्यांच्या आवाक्याबाहेर जातो. चढायला काही तासच लागतात. त्या काही तासांआधी कोणीतरी "अजून नाही" असं लिहून ठेवलेलं असेल तरच स्फोटाची वेळ आवळता येते. मुकुटातल्या एप्सिलॉनपासून सुमारे एक अंशावर जागा आहे. वैशाखात रात्री, माघात पहाटे, नजर टाकायला अर्धं मिनिट लागतं.

निरभ्र

आणि पावसाळ्यात? चार महिने आकाशच नाही.

माळरान

जून ते सप्टेंबर खरंच जातात. काक्षीचं त्यात फारसं नुकसान नाही, तो तसाही जूनमध्ये सूर्याच्या मागे असतो. खरं नुकसान गरुड आणि स्वरमंडळातल्या ताऱ्यांचं. पण पाऊस हटल्यावर ऑक्टोबरच्या मध्याला संध्याकाळी सातला गरुडातला ईटा डोक्यावर असतो : ३.५ ते ४.४, आवर्तन ७.१८ दिवस. स्वरमंडळातला बीटाही तेव्हा चांगल्या उंचीवर, ३.३ ते ४.३, जवळजवळ १३ दिवस. दोन्ही साध्या डोळ्यांचे. पावसानंतरचे दोन महिने त्यांना द्या.

पावसाळ्यात नकाशे काढून प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये लावा. एएव्हीएसओच्या लाइट कर्व्ह जनरेटरवर जुने आलेख पाहा. ज्यांना संगणकावर काम आवडतं त्यांनी लघुग्रह शोधमोहीम बघावी. आयएएससी नावाच्या कार्यक्रमात पॅन-स्टार्स दुर्बिणीच्या प्रतिमा मिळतात, ॲस्ट्रोमेट्रिका सॉफ्टवेअरमध्ये त्या एकामागून एक चालवून हलणारा ठिपका शोधायचा असतो. फुकट आहे, गटाने भाग घ्यावा लागतो.

ढगांसाठी हवामान खात्याची इन्सॅटची चित्रं पाहा. रात्री फक्त अवरक्त चित्र मिळतं, आणि खालचे उबदार ढग त्यात नीट दिसत नाहीत. चित्र स्वच्छ असलं तरी एकदा वर जाऊन बघाच.

तिसरा_प्रहर

डीएसएलआर आहे, ५० मिमीची लेन्स आहे. डोळ्यांऐवजी त्याने केलं तर जास्त अचूक नाही का?

सह्यदिगंत

अचूक होतं, पण काम वेगळं आहे. कॅमेरा रॉमध्ये ठेवा, जेपेगमधले आकडे बदललेले असतात, मोजणीला निरुपयोगी. लेन्स किंचित आउट ऑफ फोकस, तारा आठ-दहा पिक्सेलांवर पसरू द्या. नेमका फोकस केला तर एखाद-दुसरा पिक्सेल भरून वाहतो आणि उजळ तारा कमी मोजला जातो. ट्रायपॉडवर ५ सेकंदांची २० छायाचित्रं घ्या. एकाच छायाचित्रावर विसंबू नका, हवेच्या लुकलुकण्याने ते चुकतं, एकूण मिनिटभराचा तरी उजेड हवा. शेवटी लेन्सला टोपी घालून तेवढ्याच वेळाची २० काळी छायाचित्रं. सपाट पांढऱ्या पडद्याची काही छायाचित्रंही लागतात, नाहीतर कडेचा तारा मंद मोजला जाईल.

मोजणी फक्त हिरव्या रंगाच्या पिक्सेलांवर करायची. एएसटीएपी, सिरिल, ॲस्ट्रोइमेजजे, तिन्ही फुकट आहेत. नोंद पाठवताना प्रकार टीजी (कॅमेऱ्याचा हिरवा) असा लिहा, दृश्य म्हणून पाठवू नका. दोन्ही एकत्र झाले तर वेगळे करता येत नाहीत.

तरीही आधी महिनाभर डोळ्याने करा असंच सांगेन. तारा आणि तुलना तारे डोळ्याने ओळखता येत नसतील तर छायाचित्रात भलताच तारा मोजला जातो, आणि तीन दशांशांपर्यंत अचूक आकडा भलत्याच ताऱ्याचा निघतो.

माळरान

पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आहे, मुंबईकडे खगोल मंडळ आहे. त्यांच्या आकाशदर्शनाला गेलात की जाणत्याशेजारी उभं राहून एकाच ताऱ्याचा अंदाज दोघांनी घ्या. आपापला कागदावर लिहून मगच एकमेकांना दाखवा. आधी तोंडाने सांगितला की दुसऱ्याचा आकडा तिकडेच झुकतो.

अनुराधा_न

डेल्टा सेफेईचे सहा सलग रात्रींचे अंदाज देते आहे, सगळे २०.३० चे. ३.६, ३.९, ४.१, ४.३, ४.०, ३.५. तुलना ३४ आणि ४२, साध्या डोळ्यांनी. चौथ्या रात्री तो एप्सिलॉनपेक्षाही थोडा मंद वाटला. शेवटचे दोन चुकलेत असं वाटतंय. चार रात्री हळूहळू उतरत आलेला तारा दोन रात्रींत इतका वर कसा जाईल? पाचव्या रात्री हवेत धुरकंही होतं. तो आकडा ४.२ करून पाठवू का?

वृषपर्वा

अजिबात बदलू नका, अनुराधाताई. तुमचे सहाच्या सहा आकडे ताऱ्याच्या चालीवर बसतात. डेल्टा सेफेई उतरायला जवळजवळ चार दिवस घेतो आणि दीड दिवसात वर चढतो. आलेख करवतीच्या दात्यासारखा असतो. जॉन गुडरिकने १७८४ मध्ये हा तारा हेरला तेव्हा त्याच्यासमोरही हाच तिरका आलेख होता. तुमची पाचवी रात्र नेमकी चढावर आली आहे. ४.२ केलं असतं तर चढाची एकमेव नोंद पुसली गेली असती.

धुरक्याची काळजी इथे कमी आहे. तिन्ही तारे जवळजवळ आहेत, धुरकं तिघांनाही सारखंच झाकतं. तुरळक ढग असते तर गोष्ट वेगळी. पाचव्या रात्रीच्या नोंदीला यू लावा, आकडा ४.० च ठेवा.

चौथ्या रात्रीचा ४.३ पट्टीच्या बाहेरचा आहे, म्हणजे तो एप्सिलॉनच्या पुढे अंदाजाने ढकललेला. नकाशावर ४.२ पेक्षा मंद असा पुढचा तुलना तारा शोधून ठेवा, पुढच्या किमानाला दोघांच्या मध्ये धरता येईल. या वेळची नोंद झेड लावून पाठवा.

आणि एकच तपासा. २०.३० हे घड्याळातले आहेत ना? मग फॉर्ममध्ये १५.०० जायला हवेत, ज्युलियन दिनांकात शेवट ०.१२५०. ते झालं की सहाही नोंदी आजच पाठवून द्या.